लिफ्टमधले गृहस्थ

खुनी पुतळा होऊन उभा राहतो, ही कल्पना सुचली तेव्हा सम्राटांनी पलंगावरूनच "सापडलं!" अशी आरोळी ठोकली. स्वयंपाकघरात डबा भरत असलेल्या बायकोने "काय, चष्मा?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता डब्याला झाकण लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर उत्तराची वाट बघण्यात अर्थ नसतो, हे तिला कळून चुकलं होतं.

सम्राट ही पदवी मेहुण्याने दिलेली. पहिल्या कादंबरीच्या मागच्या पानावर प्रकाशकाने 'रहस्यसम्राट' असं छापलं होतं. मेहुण्याने तेवढंच उचललं आणि साऱ्या नात्यागोत्यात रूढ केलं. त्यात कौतुक किती आणि टवाळी किती हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त सम्राटांना नव्हतं. त्यांनी त्या पदवीच्या भरवशावर विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडली. तेव्हापासून घर बायकोच्या पगारावर चाललं होतं आणि सम्राट तिसऱ्या कादंबरीवर.

ही तिसरी कादंबरी एका भल्यामोठ्या मॉलमध्ये घडत होती. तळमजल्यावरच्या जवाहिऱ्याचा भरदिवसा खून होतो, सगळी दारं बंद केली जातात आणि तरीही खुनी सापडत नाही. शेवटी नायक गुप्तहेर त्याला पकडतो. या गुप्तहेराच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. खोटं बोलणाऱ्याचा अंगठा आपोआप मुठीत लपतो, हा त्याचा सिद्धांत होता आणि तीनही कादंबऱ्यांत तो एकदाही चुकला नव्हता. पहिल्या दोन्ही कादंबऱ्यांची पानं बायकोनेच रात्री जागून सुवाच्य अक्षरात उतरवून दिली होती, त्यामुळे हा सिद्धांत तिलाही तोंडपाठ होता. तिसरीचं एकही पान तिने मागितलं नव्हतं. सम्राटांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

प्रकाशक मात्र रोज मागत होता. "महिनाअखेर शेवटचं प्रकरण आलं नाही, तर तुमच्या जागी लोणच्यांचं पुस्तक छापीन," असं त्याने निर्वाणीचं सांगितलं होतं. लोणच्यांकडून हरणं सम्राटांना परवडणारं नव्हतं. मेहुणा जन्मभर बोलला असता.

आता त्यांची एक पद्धत होती. खुनी जे करणार ते आधी स्वतः करून बघायचं आणि मगच लिहायचं. पहिल्या कादंबरीच्या वेळी ते कपाटात लपले होते आणि मेहुण्याला कुलूप फोडावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी प्रेत पोत्यात मावतं का ते बघायला ते स्वतः पोत्यात शिरले, तेव्हा शेजारच्या काकूंना घेरी आली होती. तेव्हा पुतळा होऊन उभं राहणं हे त्यामानाने सभ्यच काम होतं.

कादंबरीतला मॉल गावातल्या खऱ्या मॉलवर बेतलेला होता आणि बायको तिथेच दुसऱ्या मजल्यावर चादरींच्या दुकानात नोकरीला लागली होती. ती सकाळी डबा घेऊन गेली की सम्राट लिहायला बसत, म्हणजे तिला तसं सांगत. खरं तर तेही तिच्या पाठोपाठ तिथेच जात. दुसऱ्या मजल्याकडे मात्र फिरकत नसत. उगाच कुणी तिला विचारलं असतं, मिस्टर काय करतात?

त्या दुपारी कपड्यांच्या दुकानातले विक्रेते एका लग्नाच्या गिऱ्हाइकामागे लागले होते. सम्राटांनी खुंटीवरचा एक करडा कोट अंगात चढवला, काचेमागच्या चौथऱ्यावर चढले आणि दोन पुतळ्यांच्या मधे हात थोडा पुढे करून उभे राहिले. बाहेरून माणसं जात होती. कुणी ढुंकून बघेना. सम्राटांना धन्य वाटलं. घरीही त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नसे, पण इथे त्याला कलेचा दर्जा होता.

तेवढ्यात एक बाई नवऱ्याला ओढत आत आल्या.

"हाच कोट! बघा, पुतळ्यावर किती शोभतोय."

"पुतळा जरा म्हातारा नाही वाटत?" नवरा म्हणाला.

"तुम्ही काय तरुण आहात? अहो दादा, हा काढून द्या बरं!"

विक्रेता आला. त्याने सम्राटांचा हात धरून बाहीतून ओढायला सुरुवात केली. सम्राटांनी श्वास रोखला. खुनी इथे काय करेल? खुनी पुतळाच राहील! ते ताठ राहिले. विक्रेत्याने जोर केला. "हा कुठला नवीन पुतळा आणलाय रे? हात निघत नाही याचा!" असं म्हणत त्याने खांदा पिरगाळायला घेतला, आणि नेमका त्याच क्षणी सम्राटांच्या खिशातला फोन वाजला. प्रकाशक होता.

बाईंनी जी किंकाळी फोडली, ती वरच्या मजल्यावर ऐकू गेली असावी. विक्रेता पुतळ्यांच्या अंगावर कोसळला आणि सम्राटांनी कादंबरीकाराला न शोभेल अशा वेगाने धूम ठोकली. अंगातला कोट काढायचं भान कुणाला होतं? दारातून बाहेर पडताच कोटाच्या किमतीच्या चिठ्ठीने टँव टँव करून सगळा मॉल जागा केला. गार्डने त्यांची कॉलर धरली. कॉलर कोटाचीच होती, त्यामुळे मुद्देमाल आणि आरोपी एकदमच सापडले.

सुरक्षा अधिकारी भल्या मिशांचे होते. त्यांनी सम्राटांना समोर बसवलं.

"काचेत कशाला उभे होतात?"

"खून केल्यावर लपता येईल का, ते बघत होतो."

मिशा थांबल्या. "कुणाचा खून?"

"तळमजल्यावरच्या जवाहिऱ्याचा."

गार्डने तत्काळ तळमजल्यावर फोन लावला आणि जवाहिऱ्याने धाडकन शटर ओढल्याचा आवाज इथवर आला.

"अहो, कादंबरीतला! मी लेखक आहे!"

"कुठलं पुस्तक?" अधिकाऱ्यांनी विचारलं. सम्राटांनी दोन्हींची नावं सांगितली. अधिकाऱ्यांनी गार्डकडे पाहिलं, गार्डने मान हलवली. कुणी वाचलेलं नव्हतं. त्यात त्या दोघांचा काही दोष नव्हता.

"इथे ओळखीचं कोण आहे तुमच्या?"

"आहे ना! माझी बायको इथेच असते. दुसऱ्या मजल्यावर, चादरींच्या दुकानात."

अधिकारी मागे टेकले. "चादरींचं दुकान गेल्या वर्षीच बंद झालं. तिथे आता चपला मिळतात."

"मग ती रोज जाते कुठे?"

"बायको तुमची आणि विचारता आम्हाला?"

सम्राटांना अंधुकसं आठवत होतं. एकदा जेवताना ती काहीतरी म्हणाली होती, दुकानाबद्दल, नव्या कामाबद्दल. तेव्हा ते विषाच्या प्रकरणात अडकले होते. ते "हं" म्हणाले होते. ती पुन्हा म्हणाली होती आणि ते पुन्हा "हं" म्हणाले होते.

"खोटं बोलायलाही अभ्यास लागतो," अधिकारी उठत म्हणाले. "चला कॅमेऱ्यांच्या खोलीत. किती दिवस टेहळणी चाललीय ते बघूच."

खोलीत भिंतभर पडदे होते आणि त्यांच्यासमोर करड्या गणवेशात एक बाई बसली होती. तिने मान वळवली. सम्राटांची बायको होती.

"अगं!" एवढंच सम्राट म्हणणार होते, पण अधिकारी आधी बोलले. "ताई, हा माणूस पकडलाय. म्हणे बायको इथेच कामाला आहे. असली तर तिलाही घरी बसावं लागेल, सांगून ठेवतो. त्या साफसफाईवाल्याचा भाऊ चोरीत सापडला तेव्हा दोघांनाही बाहेर काढलं होतं, आठवतं ना? यांचं मागचं काय काय आहे ते दाखवा."

बायकोने बटणं दाबली. पडद्यावर सम्राट दिसायला लागले. सम्राट आइस्क्रीम खाताहेत. सम्राट पाय चेपणाऱ्या खुर्चीत घोरताहेत, तोंड उघडं. सम्राट खेळण्यांच्या दुकानात पिस्तूल रोखून बघताहेत. ज्या ज्या दुपारी "आज लिहून पाठ मोडली" असं त्यांनी घरी सांगितलं होतं, त्या सगळ्या दुपारी तिथे रंगीत दिसत होत्या. आणि हे तिने आज पहिल्यांदा पाहिलेलं नाही, हे सम्राटांना तिच्या सराईत बोटांवरून कळलं.

मग लिफ्ट आली. लिफ्टमध्ये दोघंच होते. सम्राट मान वर करून छतावरच्या कॅमेऱ्याचं बारकाईने निरीक्षण करत होते. त्यांच्या खांद्याला खांदा लावून, हातात डबा घेऊन, करड्या गणवेशातली बायको उभी होती. दार उघडलं. ती उतरून गेली. सम्राट अजून कॅमेराच बघत होते.

"अहो ताई, या तर तुम्हीच की!" अधिकारी म्हणाले. "ओळखता का यांना?"

बायकोने सम्राटांकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाही साहेब. मी या गृहस्थांना ओळखत नाही. लिफ्टमध्ये भेटतात लोक."

सम्राटांचे डोळे तिच्या हाताकडे गेले. हात टेबलावर होता, मोकळा. अंगठा चारचौघांत उघडा, शांत, जरासुद्धा हलला नाही.

"बायको नाही मला," सम्राट कसेबसे म्हणाले. "घाबरून बोललो."

"सोडून द्या साहेब," बायको पडद्याकडे तोंड करून म्हणाली. "कोट मिळाला ना? यांच्याकडे बघून वाटत नाही यांना काही जमेल असं."

अधिकाऱ्यांना ते पटलं. त्यांनी सम्राटांचा फोटो काढला, सगळ्या दारांवर लावायला सांगितला आणि पुन्हा पाऊल टाकलंत तर पोलीस, एवढं बजावून हाकलून दिलं.

संध्याकाळी बायको घरी आली. तिने चपला जागेवर ठेवल्या, डबा घासायला टाकला आणि पाणी प्यायली. सम्राट खुर्चीत बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याकडे बघत होते, आणि बघायची सवय नसल्याने काय बघायचं ते त्यांना कळत नव्हतं. गणवेश तिला खांद्यात सैल होता. केव्हापासून?

"लिफ्टमध्ये मला हाक तरी मारायचीस," ते म्हणाले.

"मारली होती. त्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो."

आत फोन वाजत होता, प्रकाशकाचाच असणार. तो वाजून वाजून थांबला.

"अगं, पण ते ओळखत नाही म्हणालीस ते..." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "नोकरीसाठीच ना? खोटंच बोललीस ना तू?"

बायकोने पदराला हात पुसावेत तसे गणवेशाला हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हो तर. खोटंच बोलले मी," ती म्हणाली. "तुम्हाला नाही ओळखणार, तर कुणाला ओळखणार?"

सम्राटांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मूठ घट्ट वळलेली होती आणि अंगठा आत होता.