यंत्ररथाचे वाढीव हमीची हकीकत

श्रीचक्रपाणी रक्षिता. ज्याचे हाती चक्र, त्यानेच चाकांची काळजी वाहावी, यैसे विनवून शके सत्राशें चार, शुभकृत् नाम संवत्सरी, माघमासी या राज्यात जे वर्तले ते लिहितो. हुजुरांचा यंत्ररथ होता, तो बैलाघोड्यांवाचून चाले, आणि त्याचे कर्त्याने तीन वर्षांची हमी लिहून दिली होती, ती माघ शुद्ध दशमीस सरत होती. आणि हुजुरांच्या कन्या सगुणाताईसाहेब घाटाखाली सासरी होत्या, सातवे मासी आणावयाच्या त्या काही ना काही निघून राहून गेल्या, आता नववा लागला, म्हणून द्वादशीस रथ पाठवून माहेरी आणाव्या यैसे ठरले. म्हणजे ऐन बाळंतपणाचे वाटेवर रथ बिनहमीचा! हे चिटणीस अंताजी राघो यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी ते हुजुरांचे कानी घातले. ताईसाहेबांस धुळाक्षरे त्यांनीच शिकविली होती, पोटच्या लेकीसारखी माया. मग हुजुरांची आज्ञा जाहली की, "पंत, वाढीव हमी, जीस टोपीकर वॉरंटी म्हणतात, ती देणारे पारखून आणा. ताईचा घाटात खोळंबा होता कामा नये."

मग पंतांनी चौकशी आरंभिली. अन्न गोड लागेना. कोणाचे कारखाने घाटात आहेत, कोणाचा कारागीर हाक मारताच येतो आणि कोण आज या, उद्या या करितो, दुरुस्ती हमीदार परस्पर करवितो की तुम्ही करवा मग पाहू म्हणतो, सारे पुसिले. आणि ज्यांचे रथ मागे बंद पडले त्यांसच गाठून पुसिले, कारण ज्याचा रथ कधी अडलाच नाही त्याची वाहवा काय चुलीत घालावयाची? यैसे चाळता चाळता दोनच राहिले. एक छत्रमंडित पेढी, दुसरी भिवाबाई कासारीण, जिचा कारखाना घाटाचे मध्यावर. पेढीचे पत्र सतरा हात लांब, त्यात रथाचे एकशे एकेचाळीस भाग नावनिशीवार, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, की ज्याचे नाव वर नाही ते आमचे नाही, चढणीत तापून बंद पडल्यास आमचे नाही, पत्र जाहल्यापासून तीस दिवसांत मोडल्यास आमचे नाही. भिवाबाईचे पत्र वीतभर. "रथाचे सर्व आमचे, खालील सोडून," आणि खाली चारच गोष्टी: टायर झिजणे, पुरात बुडणे, आपटून मोडणे, मुद्दाम जाळणे. पंत ओळखून चुकले, की एकीकडे लिहिले तेवढेच मिळणार आणि दुसरीकडे लिहिले तेवढेच मिळणार नाही. मग एकशे एकेचाळीस नावे तीन वेळा मोजिली, तो इंजिनात पाणी फिरविणारा पंप त्यांत नव्हता. 

आता या राज्याची एक रीत होती, की तख्तासमोर अशुभ शब्द काढू नये. मोडणे, बुडणे, जळणे, बंद पडणे यैसे काही पत्रात आले की वाचणाराने तेथे "शुभम्" म्हणावे आणि पुढे जावे. दरबार भरला. पेढीचे पत्र वाचिले, एकशे एकेचाळीस नावे घुमली, तळाशी तीनदा शुभम् जाहले आणि दरबार डोलला. मग भिवाबाईचे पत्र निघाले. "रथाचे सर्व आमचे, खालील सोडून. शुभम्, शुभम्, शुभम्, शुभम्." झाले, आटोपले! हशाच पिकला. कारभारी हिरोजीबाबा बोलिले, "अगो बाई, ही हमी की कल्हईची पावती?" भिवाबाई बोलली, "म्हाराज, जे देत न्हाई ते आधी सांगावं, ही आमची रीत. तुमी तेच ऐकंना, मग मी काय करू?" पंतांनी तोंड उघडिले, तो हुजुरांच्या मातुश्रींनी चिकाच्या पडद्याआडून दटाविले, "पंत, लेक भरल्या दिवसांची आहे. वेडंवाकडं बोलाल तर याद राखा."  पेढीचे पत्रावर शिक्कामोर्तब जाहले.

मग द्वादशीस रथ निघाला आणि पंत आपण होऊन सोबत गेले, पेढीचा माणूसही होता. उतरते वेळी सारे ठीक. ताईसाहेबांस घेऊन परत चढू लागले, आणि पंत प्रत्येक वळणास कान लावून बसलेले, तो घाटाचे मध्यावर रथाने वाफ सोडिली, एक आचका दिला आणि उभा राहिला. पेढीचे माणसाने झाकण उघडिले, पत्र उलगडिले आणि भर उन्हात, शुभम् न म्हणता, खणखणीत वाचिले की पंप यादीत नाही, तापला तो चढणीत, आणि पत्रास जेमतेम दोन दिवस, सबब आमचे काही नाही. तितक्यात ताईसाहेबांस कळ आली. त्या दांडी घट्ट धरून बोलिल्या, "पंत, हे तुम्ही वाचलं होतं?"

"होय, ताईसाहेब."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"शेवटची ओळ राहिली तर वाचलंच नाही, असं मला कोण सांगायचं?"

पंतांस धरणी पोटात घेईल तर बरे, यैसे जाहले. मग ते धोतर सावरून वर कारखान्याकडे धावले, पायी जोडा राहिला नाही, आणि भिवाबाई बायका व डोली घेऊन आली. पंत हात जोडून म्हणाले, "बाई, तुमची हमी आम्ही घेतली नाही." ती म्हणाली, "हमी न्हाई घेतली, पर लेकरू तर याया लागलंय. व्हा बाजूला!" कारखान्यात, तांब्याचे पत्र्यांमध्ये, दिवस मावळावयाचे आत पुत्र जाहला. दोघे सुखरूप.

मग बारशाचे दरबारी हुजुरांनी पुसिले, "हे आधी कोणास ठाऊक होते?" पंत उभे राहिले. "मला. जीभ उचलली नाही."  तेव्हा हुजुरांनी शिक्षा फर्माविली, की येथून पुढे प्रत्येक हमीपत्र तळापासून वाचावे, आणि पंतांनीच वाचावे. लागलीच भिवाबाईचे नवे पत्र पुढे आले. पंतांनी तळापासून आरंभिले, "मोडल्यास" म्हणता दरबाराने कानांवर हात ठेविले आणि पंत हळू वाचू लागले. तो चिक सारून ताईसाहेब, मांडीवर मूल, बोलिल्या, "मोठ्यानं, पंत. बाळालाही ऐकू द्या."

येणेप्रमाणे हकीकत. पंत पुढे बारा वर्षे अशुभ वाचीत राहिले. मंगलकार्यास त्यांस कोणी बोलाविले नाही, आणि त्यांस पुसल्यावाचून या राज्यात कोणी एक चाक विकत घेतले नाही.