चुकतंय तेवढंच

मुजावरकाका गुडघ्यांवर बोटं वाजवायला लागले की ओळखायचं, ते गुडगावच्या मॉलमध्ये पोहोचले. देहानं दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या पायरीवर, माझ्याच शेजारी बसलेले असायचे.

काका मूळचे मिरजेचे, सरकारी कचेरीत टायपिस्ट. मी त्यांचा शेजारी, आणि स्कूटर माझी म्हणून सारथीही. त्या नव्या मॉलमध्ये नाचाचं मशीन होतं. गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावर बाण तरंगत वर येतात. बाण रेघेला टेकला की पायाखालच्या तशाच बाणावर पाय पडायला हवा. त्यांची बारा वर्षांची नात सना तिथं मैत्रिणींबरोबर नाचायची. गुडगावातच वाढलेली, मराठी येत नाही. ईदेला "सलाम, नाना" म्हणून खोलीत निघून जायची. एकदा काकांनी विचारलं, "मैं भी आऊँ?" तर म्हणाली, "नाना, आपसे नहीं होगा."

तेव्हापासून काकांना एकच ध्यास: सनाबरोबर एक अख्खं गाणं.

गच्चीवर त्यांनी खडूनं चार बाण काढले. पाय अडखळतो तेवढाच तुकडा घ्यायचा, तोंडानं ठेका धरायचा आणि अर्ध्या वेगानं नाचायचं. "अख्खं पत्र कशाला टाइप करायचं? चुकतंय तेवढंच करायचं. आधी अचूक, स्पीड मागनं येतोय." दमले की लगेच थांबायचे. "दमलेला पाय चूकच पाठ करतो, यार."

मॉलमध्ये ते बूट काढून, पँट दुमडून मशीनवर चढायचे. पोरं हसायची. आता लपवत नाही, मी ओळख न दाखवता पॉपकॉर्नच्या रांगेत उभा राहायचो. पण तिथून, त्या निळ्या उजेडात, काका जमिनीपासून हलकेच सुटल्यासारखे दिसायचे, आणि रांग पुढं सरकल्याचंही मला कळायचं नाही.

थंडीतल्या एका रविवारी गाणं बिनचूक उतरलं. पुढच्या रविवारी काकांच्या आग्रहानं सना आली.

"नाना, पक्का?"

"बिल्कुल."

दोघं शेजारी शेजारी नाचू लागले. अवघड तुकडा आला आणि सनाचा पाय चुकला. तिनं ओशाळून नानांकडे पाहिलं. लगेच काकांचाही पाय भलत्याच बाणावर पडला. मग आणखी एकदा, मग आणखी. इतक्या चुका झाल्यावर मशीननं गाणं अर्ध्यातच बंद केलं.

सना खळखळून हसली. "ओहो नाना, हाथ दो. मैं सिखाती हूँ."

परतताना स्कूटरवर मी विचारलं, "काका, मुद्दाम?"

मागून माझ्या खांद्यावर त्यांची बोटं ठेक्यात वाजायला लागली.

"पुढच्या रविवारी बोलावलंय तिनं," ते म्हणाले. "स्वतःहून."