धुळीआडचा राजा आणि न पेटलेली शेगडी

जे तेज डोळ्यांस दिसत नाही आणि तळहातास कळते, त्यास प्रथम नमन. दुसरे नमन थंडीस, की तिजवाचून ऊब म्हणजे काय हे कोणासच समजले नसते. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्षापासून पुढे आमच्या राज्यात जे वर्तमान जाहले, ते सेवक यथामती लिहितो. सेवक सदरेचा कारकून. नाव सांगण्याजोगे नाही आणि आजवर कोणी पुसिलेही नाही.

तर या राज्याची रीत ऐसी की इतर राज्ये मुलूख जिंकितात, हे राज्य आकाश राखिते. उंच उंच गड बांधिले आणि गडोगडी यंत्रे चढविली आणि एकेका यंत्रापाशी एकेक गडकरी नेमिला. त्यांत सर्वांहून उंच, सर्वांहून थंड गड यादोपंतांकडे होता. त्या गडाचे यंत्र उजेड पाहत नसे, ऊब पाही. तांबड्या रंगाच्या पलीकडे जो न दिसणारा उजेड, ज्यास शास्त्री अवरक्त म्हणतात, तोच त्यास दिसे. आणि ऊब पाहावयाची तर पाहणाराने स्वतः गार असावे लागते. म्हणोन यंत्रास बर्फाहून कैक पट थंड अशा द्रवात बुडवून ठेवीत, आणि बालेकिल्ल्यावर चूल नाही, शेगडी नाही, चिलीम नाही, ऐसा सक्त दंडक होता. अन्न खालच्या माचीवरून शिजोन येई आणि वर पोचेतो गार होई. पंत तेच गार अन्न जेवीत आणि वर गार पाणी पीत. बोलावयास मनुष्य नाही. माचीवरचे हुजरे डबा ठेवीत आणि पळ काढीत, कारण थंडीने त्यांचे दात वाजत. पंतांचे दातही आरंभी वाजत असत, पुढे तेही कंटाळले.

हा दंडक उगाच जाहला नव्हता. पंतांच्या आधी भानजी नावाचे गडकरी होते. त्यांनी एके वर्षी सदरेस कळविले की आकाशी नवा राजा प्रकटला, तेज अपरंपार. सदरेने हत्तीवरून साखर वाटली, नौबत झडली. मग चौकशी होता समजले की यंत्राच्या ओट्याखाली पहारेकरी शेगडी ठेवोन कणसे भाजीत होते. तेव्हापासोन परराज्याचे वकील आमच्या सदरेस आले म्हणजे हळूच पुसत, "आपले शेगडीचे महाराज कुशल आहेत ना?" आणि आमचे मुत्सद्दी माना खाली घालीत. भानजी त्या शरमेने राज्य सोडून गेले. सेवकास ते आवडत असत. कणसाची हौस त्यांसही होतीच.

आता ज्यासाठी यादोपंत बसले होते तो राजा कोण, ते लिहितो. मृगनक्षत्राच्या वरल्या अंगास एक तारा जन्मला आहे. वजनाने आपल्या सूर्याच्या कैक पट आणि वयाने तान्हा. तो धुळीच्या दाट कनातीआड असतो, उजेड बाहेर येत नाही. आत तेज वाढले की कनात तापते आणि तापल्या धुळीची ऊब तेवढी बाहेर येते. त्याच्याभोवती वायू नि धूळ यांचे थोर ताट फिरत असते, त्यातूनच तो जेवतो. शास्त्र्यांत दोन पक्ष होते. एक म्हणे, लहान तारे गबागबा गिळोत, थोर राजे रोजची पेज पिऊनच थोर होतात. दुसरा म्हणे, नव्हे, थोरही दीर्घकाळ उपाशी राहतात आणि मग एकाएकी मोठा घास गिळितात, आणि तेव्हा क्षणभर भडकोन उठतात. भांडण ऐसे की एका पंगतीस बसत नसत. आणि निवाडा करावयाचा तर कोणीतरी नेमका तो घास पाहिला पाहिजे. त्या घासासाठी यादोपंतांनी तारुण्य गडावर घातले. आणि गंमत म्हणावी की दुःख, ते जेवण आटोपून युगे लोटली होती, त्याची ऊब वाट चालत आता कोठे गडापर्यंत येत होती. इतक्या दूरच्या आणि होऊन गेलेल्या गोष्टीपाशी जो एकटा बसतो, त्याचे मनात काय चालते हे सेवकास सांगता येत नाही. सेवकास विचार करितानाच हुडहुडी भरते.

मार्गशीर्षात एके सायंकाळी पंतांचे कुटुंब गिरजाबाई गड चढोन आल्या. कैक वर्षे पंत खाली उतरले नव्हते. बाईंनी डोक्यावर शेगडी आणि पाठीस कोळशाची गोणी घेतली होती, आणि माचीच्या पहारेकऱ्यांनी ते डोळे भरून पाहिले. पहारेकऱ्यांनी अडविले तर बाई म्हणाल्या, "नवऱ्याकडे जायला कुणाची परवानगी लागते ते सांगा, मग थांबते." पहारेकरी बाजूस सरले. वर येऊन बाईंनी शेगडी खोलीत ठेविली आणि म्हणाल्या, "काही मागत नाही. एक संध्याकाळ शेजारी बसा, हात शेका. तुमचे हात कसे दिसतात तेही मी विसरले." आणि पंतांचा हात खरोखर शेगडीकडे गेला, हे पंतांनीच पुढे सेवकास सांगितले. तोच त्यांची दृष्टी यंत्राच्या काट्याकडे गेली आणि काटा चढत होता. कधी चढला नव्हता इतका चढला होता आणि अजून चढत होता. पंत म्हणाले, "गिरजे, आज नको. आजच तो जेवतोय." बाई म्हणाल्या, "कोण?" पंत म्हणाले, "तोच, धुळीआडचा." तेव्हा बाई म्हणाल्या, "मी कधी जेवले, ते विचारलंत का कधी?" आणि शेगडी उचलोन चालू लागल्या. पंतांनी हाक मारिली नाही. काटा सोडून उठले असते तर मारिली असती.

पंतांनी सदरेस कळविले, राजाने घास गिळिला, सर्व गडांची यंत्रे इकडे वळवावी, ही ऊब थोडे महिने टिकेल, मग विझेल. आणि दैवाची खोडी ऐसी की दुसरे दिवसापासोन गडावर दाट धुके उतरले आणि पौष सरत आला तरी हटेना. एका सायंकाळचे दर्शन तेवढे हाती. सदरेचे मुख्य आबाशास्त्री भला मनुष्य, पण भानजींची साखर त्यांच्याच हातून वाटली गेली होती. त्यांनी माचीच्या पहारेकऱ्यांस पुसिले. पहारेकरी म्हणाले, "बाई शेगडी घेऊन वर गेल्या. गोणी भरलेली होती. खाली आल्या तेव्हा गोणी रिकामी." मग झाले. सदरेत कुजबूज सुरू जाहली की शेगडीचे दुसरे महाराज प्रकटले. पंतांस वर पुसिले, त्यांनी उत्तर पाठविले की शेगडी पेटली नाही. आबाशास्त्री म्हणाले, "यादोपंत खोटं बोलणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण परराज्यांना ते ठाऊक नाही. दुसरी साक्ष हवी. ती एकीचीच आहे." आणि सेवकास आज्ञा जाहली की बाईंकडे जावे. साक्ष पटली तर यंत्रे वळतील आणि पंतांस गड राहील. पेटली ऐसे ठरले तर पंतांस गडावरून उतरविले जाईल.

गिरजाबाई गडाच्या पश्चिमेस मैदानात भावाच्या घरी राहत होत्या. सेवक पोचला तेव्हा दुपार होती, आणि बाई त्याच शेगडीवर दूध तापवीत होत्या. सेवकास पाट दिला, दूध दिले. इतक्या दिवसांच्या प्रवासात पहिले गरम दूध, सेवकाच्या डोळ्यांस पाणी आले आणि ते धुराचे म्हणोन खपले. सेवकाने सर्व उलगडून सांगितले. सांगणे चाकरीचे होते म्हणोन हेही सांगितले की, "बाई, पेटली म्हणालात तर पंत घरी येतील. न पेटली म्हणालात तर तिथेच राहतील." बाईंनी चिमट्याने निखारे सारखे केले. बाहेर अंगणात कोंबड्या चरत होत्या. सेवकास मनातून वाटत होते की बाईंनी खोटे बोलावे. सदरेचे मीठ खाऊनही वाटत होते.

मग बाई बोलल्या, "दादा, मी एवढी शेगडी वर का नेली असेन? त्यांना खाली आणायलाच ना. आता तुम्ही दारात येऊन सांगता की एक शब्द बोला आणि न्या. कुणाला मोह नाही होणार?" आणि लगोलग म्हणाल्या, "पण खोट्यावर आणलेला माणूस घरात ठेवून करू काय? तो अंगणात बसून वरच बघणार. आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायची, जन्मभर." आणि मग म्हणाल्या, "लिहा. शेगडी पेटली नाही. कोळसे उतरताना मी रागानं दरीत ओतले, ओझं कशाला वाहू? मी ऊब मागितली आणि त्यांनी दिली नाही. त्या संध्याकाळी त्या घरात ऊब नव्हती, माझ्याशिवाय कुणाला कळणार ते?" सेवकाने लिहिले. निघते वेळी बाईंनी पुसिले, "तो जेवला का पण खरंच?" सेवक म्हणाला, "पोटभर." बाई म्हणाल्या, "बरं झालं. कुणीतरी जेवलं."

साक्ष सदरेत वाचिली तेव्हा कोणी हसले नाही. सर्व गडांची यंत्रे वळली आणि सर्वांस ती ऊब दिसली, आणि माघापासोन पुढे ती कनातीच्या आतल्या पदरातून बाहेरल्या पदरास लागत गेली, तीही दिसली. थोर राजेही घास गिळोन वाढतात हे सिद्ध जाहले. हरलेल्या पक्षाने पेज सोडली नाही, पण आवाज खाली आणिला. आणि आबाशास्त्र्यांनी भर सदरेत पंतांचा गौरव केला आणि सनद दिली की ऐसा विश्वासू गडकरी दुसरा नाही, सबब गड त्यांजकडे हयातभर राहील. सर्वांनी माना डोलविल्या. ज्या साक्षीने पंत खरे ठरले तीच त्यांस कायमची वर ठेवून गेली, हे त्या सदरेत एका कारकुनास समजले आणि कारकुनास कोण पुसतो. सनद घेऊन सेवकच गडावर गेला. पंतांनी सनद बाजूस ठेविली आणि साक्षीची नक्कल मागितली आणि वाचिली आणि पुनः वाचिली आणि म्हणाले, "तिला ठाऊक होतं, काय होईल ते?" सेवक म्हणाला, "मीच सांगितलं होतं." पंत यंत्राकडे तोंड करून बसले आणि सेवक जाईपर्यंत वळले नाहीत.

पुढे ऊब ओसरत गेली आणि राजा पुनः उपाशी जाहला. वैशाखात मृग सायंकाळीच पश्चिमेस मावळू लागला. पंत यंत्र त्याच्या मागे खाली खाली नेत, तो मैदानाच्या रेघेस टेके तोवर. एके सायंकाळी सदरेत पंतांचा निरोप आला की मावळतीस राजाच्या खाली, जमिनीलगत, एक ऊब दिसते, लहान आहे, स्थिर आहे, रोज दिवेलागणीस प्रकटते आणि पुष्कळ वेळ राहते. सदरेत खळबळ उडाली. आबाशास्त्र्यांनी तातडीने पुसिले, नवा तारा की काय? पंतांचे उत्तर आले, "तारा नव्हे. शेगडी आहे. कोणीतरी अंगणात आणून ठेविते."

इतुके वर्तमान. राजा वाढला, पक्षांचा निवाडा जाहला, गड राखिला गेला. त्या शेगडीची नोंद ठेवावी की न ठेवावी यावर सदरेत वाद पडला आणि न ठेवावी ऐसे ठरले. सेवकाने येथे ठेविली आहे.