सासऱ्यांच्या बाहीवरची माशी

छायाचित्र कितीही धूसर असो, त्यातली माशी मला दाखवा. तिची प्रजाती मी सांगतो! कुठलीही माशी नव्हे, होव्हरफ्लाय. फुलासमोर हवेत खिळून राहणारी, गांधीलमाशीचे पिवळे-काळे पट्टे अंगावर मिरवणारी आणि आतून एखाद्या कवीइतकी निरुपद्रवी. डोळ्यांवर ठिपके? एक प्रजाती. मागच्या मांड्या पहिलवानासारख्या? दुसरी. ‘फोटो स्पष्ट नाही’ ही सबब मी आयुष्यात कधी सांगितली नव्हती.

त्या दुपारी मी कार्यालयात नकाशावरच्या नद्या तपासत असताना सासऱ्यांचा फोटो आला. सासरे निवृत्त घड्याळजी. गेल्या वर्षी गांधीलमाशीच्या एका दंशाने त्यांचा घसा असा सुजला होता की तीन दिवस रुग्णालयात काढावे लागले. पुन्हा चावली तर हमी नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

फोटोखाली लिहिले होते: ‘गॅलरीत बसलोय. ही माझ्या उजव्या बाहीवर आहे. झटकू का?’

पट्टे दिसले. पुरे! मी लिहिले: ‘बाबा, साधी होव्हरफ्लाय आहे. डंख नसतो. मुळीच हलू नका, संध्याकाळी येऊन प्रजाती सांगतो.’

मग सहज फोटो मोठा केला आणि आतला सगळा उजेड मालवला. माशीच्या डोक्यावरच्या मिशा लांब होत्या! होव्हरफ्लायच्या मिशा आखूड, गांधीलमाशीच्या लांब. हे तर मीच साऱ्या जगाला शिकवत आलो होतो.

सासऱ्यांना फोन केला. उचलेनात. पुन्हा केला. त्या प्रत्येक घंटेत मला एक घसा सुजताना ऐकू येत होता. शेवटी बायकोला फोन केला.

“बाबांच्या बाहीवर बहुधा गांधीलमाशी बसली आहे.”

“मग झटकायला सांग ना!”

“मी त्यांना हलू नका असं सांगितलंय.”

पलीकडे खुर्ची धाडकन सरकली.

“तू पळ,” ती म्हणाली. “मी निघालेच. आणि बाबांना काही झालं ना, तर तूसुद्धा हलू नकोस. मी येईपर्यंत!”

मी पळालो. हातात नद्यांची फाइल तशीच. दोन गल्ल्या, चार जिने, आणि उरात हृदयाऐवजी कुणाचे तरी बिघडलेले घड्याळ! गॅलरीत सासरे पुतळ्यासारखे बसले होते. डोळ्याला घड्याळजीचे भिंग, मान बाहीवर झुकलेली. चेहऱ्यावर देवाचे दर्शन झाल्यासारखी प्रसन्नता.

“बाबा, डोळे मिटा!”

फाइल उंचावली आणि हाणली. भिंग उडून कुंडीत. चहाचा कप फरशीवर. सासरे खुर्चीसकट मागे रेलून भिंतीला.

“जावईबापू!” ते दंड चोळत म्हणाले. “का मारलंत?”

“गांधीलमाशी होती! फोन का उचलला नाहीत?”

“तुम्हीच म्हणालात, हलू नका. आणि गांधीलमाशी कसली? तिला पंख चार. हिला दोनच होते. चार वेळा मोजले. मागच्या पंखांच्या जागी दोन इवल्या काड्या, टोकाला गोळी. लंबकासारख्या!”

दोन पंख आणि दोन लंबक! म्हणजे माशीच.

“पण मिशा लांब...”

“होत्या की. कपाळातून एकच देठ, त्यातून दोन मिशा फुटलेल्या. काय कारागिरी हो!”

तेवढ्यात बायको धापा टाकत आत आली. तिने वडिलांचा घसा पाहिला, दंड पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

“माशी चावली?”

“माशी नाही गं,” सासरे म्हणाले. “जावई.”

मी खिशात कायम असणारे माझे होव्हरफ्लायचे पुस्तक काढले. लांब मिशांच्या होव्हरफ्लाय खरेच असतात. ते पान मी दुर्मिळ म्हणून कायम ओलांडत आलो होतो. कपाळावर असा देठ असलेल्या दोन प्रजाती त्यात होत्या. त्यांतली नेमकी कोणती, हे ठरते कंबरेवरून. एकीची जाड, दुसरीची दोऱ्यासारखी बारीक.

कंबर तेवढी सासऱ्यांनी पाहिली नव्हती. तिथवर त्यांचे भिंग पोहोचतच होते. तेवढ्यात मी पोहोचलो. आता ती फाइलवर, एका नदीच्या मुखाशी, संपूर्ण सपाट होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात सासऱ्यांचा संदेश आला. त्यांच्याकडेच राहिलेल्या फाइलवरच्या त्या डागाचा फोटो. प्रत्येक कण लख्ख दिसत होता. खाली एकच शब्द: ‘प्रजाती?’

मी बराच वेळ विचार केला आणि लिहिले:

‘बाबा, फोटो स्पष्ट नाही.’