वासाचा पंचनामा

आमच्या गल्लीच्या टोकाला पावसाळी पाण्याचं उघडं गटार आहे. नगरपरिषदेच्या नियमानुसार त्यातून फक्त पावसाचं पाणी वाहतं. भर उन्हाळ्यात ते दुथडी भरून वाहत होतं आणि त्याला वासही येत होता. गटाराला लागूनच लाँड्रीवाल्या काकूंचं दुकान. कपडे वाळता वाळता वास पिऊन बसत आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडत ते परत आणून टाकत. काकूंचं सगळं घर त्या दुकानावर चालायचं. शेवटी त्यांनी तक्रार केली.

गल्लीने एकमुखाने पाठिंबा दिला. निवृत्त मुख्याध्यापक तर कडाडलेच, "दोषी सापडलाच पाहिजे!"

नगरपरिषदेचे निरीक्षक आले. त्यांनी गटार पाहिलं, नकाशा पाहिला आणि खुलासा केला, "नकाशात इथे सांडपाणी नाही. सबब वास नाही."

"अहो साहेब, पण येतोय ना!" काकू म्हणाल्या.

"येतोय, पण तो अनधिकृत आहे."

अनधिकृत वासाचा उगम शोधण्यासाठी रंगचाचणी मंजूर झाली. प्रत्येक घराच्या संडासात वेगळा रंग ओतायचा, वर पाणी सोडायचं आणि गटारापाशी उभं राहायचं. ज्याचा रंग तिथे उतरेल, त्याने घाणीची नळी जमिनीखालच्या मलवाहिनीला न जोडता गुपचूप गटारात सोडलेली. हे कळताच गल्लीचा उत्साह थंडावला. डॉक्टरीणबाईंकडे अचानक पाहुणे आले. मुख्याध्यापकांच्या संडासाची किल्ली हरवली. त्या दाराला कुलूप होतं हे त्यांच्या बायकोलाही तेव्हाच समजलं.

तरी चाचणी झाली. आधी तांबडा आला, तो मुख्याध्यापकांचा. मागोमाग डॉक्टरीणबाईंचा पिवळा, मग आमचा निळा. आमचा जरा उठून दिसत होता. बघता बघता सगळी गल्ली गटारात उतरली. नव्हता तो फक्त काकूंचा हिरवा.

"हिरवा कुठाय?" निरीक्षकांनी दरडावून विचारलं.

"माझी नळी मलवाहिनीला जोडलीय साहेब. नियमाप्रमाणे."

"म्हणजे गल्लीत एक पद्धत रूढ आहे आणि तुम्ही तिच्याशी विसंगत आहात."

"बघा! काकू कधी कुणात मिसळतच नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अख्ख्या गल्लीला नोटीस देणं प्रशासकीयदृष्ट्या अव्यवहार्य होतं. विसंगत घर मात्र एकच होतं. शिवाय अहवालात आणखी एक बाब नमूद झाली: वासाची तक्रार फक्त दुकानातून आली आहे, सबब दुकान हेच वासाचं ठिकाण होय. दुकान बंद करण्याचा आदेश निघाला.

काकू मुख्याध्यापकांच्या दारात गेल्या. "सर, तुमचा तांबडा रंग मी या डोळ्यांनी पाहिलाय. तेवढं साहेबांना सांगा. माझं पोट आहे हो त्या दुकानावर."

"पाहिला असेल," सर मायेने म्हणाले, "पण काकू, त्या रंगाला वास होता का?"

काकू इस्त्र्या बांधून लेकीकडे निघून गेल्या. आम्हाला मनापासून वाईट वाटलं. कॉलरला त्यांच्यासारखी इस्त्री कुणाला जमत नाही. पण तक्रारदारच न उरल्याने वास निकाली निघाला. सुंठीवाचून खोकला गेला.

वाचताना तुम्ही नाक दाबलंत, हे कळतंय आम्हाला. तुमच्याकडे वास येत नाही म्हणता? वा! म्हणजे तुमचंही पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी जातंय.