चंद्रीची धार आणि देवपूरचे व्याही

चुडामणआबांच्या घरी धुळ्यातल्या देवपूरची मंडळी मुलगी पाहायला येणार होती, आणि कमलबाईंना चिंता मुलीची नव्हती. मुलीच्या बापाची होती. एरंडोलजवळच्या त्या गावात आबांसारखा सज्जन दुसरा नव्हता. मात्र त्यांच्या सौजन्याला वाणी नव्हती. मागच्या पाहुण्यांनी "यंदा कापूस कसा आहे?" असे विचारले, तेव्हा आबांनी विचारपूर्वक शेताच्या दिशेने पाहिले आणि ते पाहतच राहिले. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. त्यांनी कळवले नाही.

"त्या चंद्री म्हैससंगे तास तास बोलतस, आनि याहीसंगे बोलाले जीभ उचलत नही!" कमलबाई म्हणाल्या.

"माय, तो आबाना दोष नही," सारिका म्हणाली. ती जळगावला प्राणिशास्त्राचे उच्च शिक्षण घेत होती. आणि देवपूरचा योगेंद्र तिच्याच वर्गात असल्यामुळे या स्थळाविषयी तिला शास्त्रापलीकडचीही आस्था होती. "माणूस मिसळणारा का घुमा, ते थोडंफार जनुकांमधूनच येस."

"म्हणजे मना सासराकडथीन," कमलबाईंनी निष्कर्ष तत्काळ काढला.

"पन बठ्ठं जनुकांवर नही. आबा, चंद्री तुमना हातलेच पान्हा का सोडस? तुमी पाठवर हात फिरावतस, तिले भरवसा वाटस, आनि तिना आंगमा एक हार्मोन सुटस. माणूसमाबी तोच शे. माया, दोस्ती, बठ्ठामा त्याना हात शे."

आबांनी मान वर केली. "तोच?"

"तोच."

आबा बराच वेळ गोठ्याकडे पाहत राहिले. आयुष्यात प्रथमच एक शास्त्र त्यांच्या अंगणापर्यंत चालत आले होते.

ठरल्या वेळी मंडळी आली. योगेंद्रचे वडील पितांबरराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांच्या मुखावर स्मित उमटल्याचे त्यांच्या पत्नी सुमनबाईंनाही स्मरत नव्हते. "नाना एकदा नाही म्हणाले की विषय संपला," असे योगेंद्रने सारिकेला आधीच सांगून ठेवले होते.

आबांनी धारेचा क्रम मनोमन आठवला. प्रथम कोमट पाणी. त्यांनी स्वहस्ते पितांबररावांचे पाय धुतले. अतिथीला पाद्य द्यावे हे शास्त्रोक्तच असल्यामुळे येथवर कोणाला शंका आली नाही. त्यानंतर खाणे. सरकी-ढेपेच्या जागी शेंगदाणे आणि गूळ होता. पाटी मात्र तीच होती, अर्थात घासलेली. मग आबा बाजेवर पितांबररावांना खेटून बसले, आणि त्यांनी मानेपासून कमरेपर्यंत सावकाश हात फिरवायला आरंभ केला.

"हं... हं... मनी माय... उभी ऱ्हाय... सोड, सोड..."

दाराआडून पाहणाऱ्या सारिकेने डोळे मिटले. योगेंद्र छताच्या सऱ्या पाहू लागला. सुमनबाईंच्या हातातला पेला ओठांपाशीच थांबला.

पितांबररावांची मान ताठ झाली. मग त्यांचा खालचा ओठ हलला.

"आई गेली तेव्हापासून," ते म्हणाले, "पाठीवरून असा हात कोणी फिरवला नाही हो, आबा."

आणि पितांबरराव बोलू लागले. आईवर बोलले, गुडघ्यांवर बोलले, नंदुरबारच्या बदलीवर बोलले. निरोपसमारंभात शाल मिळाली, पण दोन शब्द बोला असे कोणी म्हटले नाही, हेही त्यांनी सांगितले. आबा फक्त "हं" म्हणत होते. दिवस कलला तेव्हा पितांबररावांनी जाहीर केले, "सुमन, लग्न ठरलं! इतका मनमोकळा माणूस मी आजवर पाहिला नाही."

गोड बातमीला चहा हवा होता आणि चहाला दूध. आबा बादली घेऊन गोठ्यात गेले. चंद्रीने त्यांचा हात हुंगला. त्या हाताला वाळ्याच्या अत्तराचा वास येत होता. पितांबरराव अत्तर सढळपणे लावीत. चंद्रीने तोंड फिरवले, लाथेने बादली उलथवली आणि दूध चढवून घेतले.

"मनी माय..." आबा म्हणाले. चंद्रीने ऐकले नाही. हेच शब्द दुसऱ्या कोणाला ऐकवलेले तिने दुपारीच गोठ्यातून ऐकले होते.

तेवढ्यात बदलीची कथा अपुरी राहिल्यामुळे पितांबरराव मागोमाग आले. बोलता बोलता ते चंद्रीच्या पाठीवर टेकले. चंद्रीने त्यांनाही हुंगले, त्यांच्या पाठीला आबांच्या हाताचा वास लागला तेव्हा क्षणभर विचार केला, आणि धार सुरू झाली.

रात्री मंडळी मुक्कामाला राहिली. सकाळी आबा गोठ्यात एकटे गेले; चंद्रीने पुन्हा तोंड फिरवले. पितांबररावांना उठवावे लागले. सुमनबाई आणि योगेंद्र धुळ्याच्या बसने परतले. "संध्याकाळची धार झाली की निघतो," पितांबरराव म्हणाले. संध्याकाळी त्यांनी सकाळच्या धारेचे नाव घेतले. पंधरवडा असाच गेला.

अखेर कमलबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. "पोर अजून आठे माहेरमाच शे, आनि सासरा नांदाले उना! घरजवाई आयकेल व्हता. हाऊ घरयाही कोठेन उना?"

आत पितांबररावांची दुसरी बदली नुकतीच सुरू झाली होती. चंद्री रवंथ करीत ऐकत होती. आबांनी धार न थांबवता उत्तर दिले.

"हं."