जादूगार बाहेर येत नाही

स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला फोन थरथरला, आणि भुंगा शिरल्यासारखं सगळं स्वयंपाकघर घुमलं.

मिरीच्या आईनं वहीवरची मान वर केली नाही. फोन डब्यात, डबा सगळ्यात वरच्या फळीवर आणि फळीला हात पोचवायचा तर स्टुलावर चढायचं, अशी तटबंदी तिनं स्वतःच उभारली होती. मिरी बालवर्गात असते ते रोजचे तीन तास. त्यातून भांडी, कपडे आणि ‘दोनच मिनिटं हं’ म्हणून आलेली शेजारीण वजा केली की उरायचा सव्वा तास. त्या सव्वा तासात घरात दोघंच असायची. एक ती, आणि दुसरा आठ वर्षांचा एक महातिरसट जादूगार.

तिच्या पहिल्या पुस्तकात तो म्हातारा होता. डोंगरावर एकटा राहायचा आणि पाहुणा दिसला की जिना गुंडाळून माळ्यावर टाकायचा. वाचकांना तो भलताच आवडला. ‘पण हा असा का झाला?’ अशी पत्रं यायला लागली, तसे प्रकाशक खूश झाले. “बाई, आता त्याचं लहानपण लिहा. पण जरा बिघडलेलं पाहिजे बरं का! सुखात वाढलेला जादूगार कुणी हातात धरत नाही.”

मग तिनं त्याला बिघडवायला घेतलं. एकशे बारा पानं मन लावून बिघडवलं. एकशे तेराव्या पानावर जादूच्या शाळेतली सगळी मुलं त्याला हसली, आणि तो रागावून जेवणघरातल्या टेबलाखाली जाऊन बसला. बसला तो बसला, वर मंत्रही घातला. कुणी एकदा ‘बाहेर ये’ म्हटलं की त्याचा मुक्काम एक दिवसानं वाढणार. लिहिताना तो मंत्र तिला फार गोड वाटला होता. आता चार दिवस झाले होते. गुरुजींनी समजावलं, मांजरानं पाय चाटले, ड्रॅगन खिडकीतून नाक खुपसून गेला. जादूगार ढिम्म.

आणि प्रकरण आज चारच्या आत प्रकाशकांकडे पोचायला हवं होतं. “नाहीच जमलं तर मग नंतर बघू,” असं ते अगदी मऊ आवाजात म्हणाले होते. ‘नंतर बघू’ म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. मिरी झाल्यापासून तिच्या बऱ्याच गोष्टी ‘नंतर बघू’त जाऊन बसल्या होत्या, आणि त्यातली एकही परत आली नव्हती.

“भूक लागली की येईल,” नवरा सकाळी दुकानात जाताना म्हणाला होता. त्याचं चष्म्यांचं दुकान. त्याला सगळं स्वच्छ दिसायचं.

फोन पुन्हा घुमला. ती स्टुलावर चढली.

“मिरीची आई ना? लगेच या.” बालवर्गाच्या ताई होत्या.

“पडली का?”

“नाही हो, पडलं-झडलं कुणी नाही. बसलीयेत सगळी. टेबलाखाली.”

“सगळी म्हणजे?”

“म्हणजे बावीसच्या बावीस! मिरी म्हणते, जादूगार आला की आम्ही येऊ. कोण हा जादूगार? तुमच्याकडे राहतो का?”

ती स्टुलावरच खाली बसली.

काय झालं असेल ते तिला क्षणात कळलं. रोज संध्याकाळी मिरीला लिहिलेलं वाचून दाखवायचं, असा घरातला करार होता. काल मिरीनं विचारलं, “पुढे?” ती म्हणाली, “पुढचं अजून लिहिलं नाही.” “मग आत्ता बनव ना!” तेव्हा पोळ्या जळत होत्या. तिनं सरळ ठोकून दिलं, “बनवलेलं ते खोटं. वहीत लिहिलेलं तेवढंच खरं.” म्हणजे मिरीच्या हिशेबानं एक मुलगा चार दिवसांपासून खरोखर टेबलाखाली बसला होता, आणि त्याच्या सोबतीला कुणी नव्हतं. मिरीनं सोबतीची व्यवस्था केली होती. कामाला चोख. आजीवर गेली होती.

वही काखेत मारून, फोन आणि पेन मुठीत धरून ती धावत सुटली.

वर्गात ताईंनी चित्रांसाठी बुटकी टेबलं जोडून लांबलचक ओळ केली होती. खालून चव्वेचाळीस बूट दिसत होते, आणि डबे उघडल्याचे आवाज येत होते. ताई घामेजून गेल्या होत्या. मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी नुसतं खाकरलं तरी वरच्या वर्गातले दंगेखोर भिंतीला चिकटायचे.

“मिरी!” आईच्या तोंडून निघून गेलं, “बाहेर ये आधी!”

“बत्तीस!” खालून बावीस गळे एकदम.

“बत्तीस काय?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“दिवस,” मिरीची आई बारीक आवाजात म्हणाली. “तो मंत्र आहे. आपण ‘बाहेर ये’ म्हटलं की...”

“तेहेतीस!”

“अगं आई, तू तरी!” टेबलाखालून मिरी ओरडली. “तूच लिहिलंयस ना!”

ताईंनी कपाळाला हात लावला. “एकतीस वेळा मी एकटीनं म्हटलं हो. मला वाटलं, हजेरी घेताहेत.”

मोठ्या बाईंनी मंत्राबिंत्राची पर्वा केली नाही. त्यांनी शाळेची सूचना द्यावी तसं खणखणीत सांगितलं, “मुलांनो, ताबडतोब बाहेर ये... या!”

खाली थोडी कुजबुज झाली. मग दात पडलेल्या एका मुलाचं डोकं दिसलं. “मोठ्या बाई, तुम्ही आम्हा सगळ्यांना म्हणालात ना? मग बावीस धरले. पंचावन्न. पण याच्या पुढं आम्हाला येत नाही. ताई, पंचावन्ननंतर काय येतं?”

“छप्पन्न,” ताईंनी सवयीनं सांगितलं.

साडेबारा वाजले तसे पालक यायला लागले आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. प्रत्येक जण दारातूनच आपापल्या लेकराला एकच वाक्य म्हणे. मिरीची आई दारात उभी राहून ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना थोपवत होती, पण पालक कधी कुणाचं ऐकून घेतात? सत्तर झाले. ऐंशी झाले. एक आजोबा कवायतीचे मास्तर होते. त्यांनी शिट्टी काढली आणि फुंकली. शिट्टी मोजायची की नाही यावर खाली वाद झाला, आणि तिचे तीन दिवस धरले गेले.

मग एक वकील बाबा पँट सावरत उकिडवे बसले. “हे बघा, आपण असं करू. ते दोन शब्द मी उच्चारणारच नाही. तुम्ही ज्या जागी आहात, ती जागा सोडून, जिथं मी आहे, त्या जागी यावं, असा माझा प्रस्ताव आहे.”

मग दात पडलेल्यानं निकाल दिला. “अर्धा.”

“अर्धा काय?”

“अर्धा दिवस. तुम्ही म्हणाला नाहीत, पण तुमच्या मनात होतं.”

“बाई,” वकील मिरीच्या आईकडे वळले, “तुम्ही लिहिता ना? मग सांगा ना त्यांना काहीतरी! आला म्हणावं तो एकदाचा!”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकली. “मिरी, ऐक. जादूगार आला. आत्ताच आला.”

“कसा?”

“दार उघडून.”

“टेबलाला दार नसतं.” मिरीनं चेहरा जवळ आणला. “वहीत लिहिलंयस? की आत्ता बनवलंस?”

आईला खोटं बोलवेना. “आत्ता बनवलं.”

“मग आधी लिही,” मिरी समजूतदारपणे म्हणाली आणि बाजूला सरकली. “इथं आत ये. बाहेर खूप आवाज आहे.”

हे मात्र खरं होतं. बाहेर तिच्या वळणाची, तिच्या वहीची आणि ‘हल्लीच्या आयांची’ चर्चा जोरात चालू होती. ती वही आणि पेन घेऊन, पोटावर सरपटत, टेबलाखाली शिरली.

आत गारवा होता. खडूंचा, सफरचंदाच्या सालींचा आणि लहान मुलांच्या केसांचा वास होता. कुणी तिला काही विचारत नव्हतं. कुणाला तिच्याकडून काही नको होतं. मिरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. गेले चार दिवस ती पहाटे पाचला उठत होती. तिनं वही उघडली, ‘जादूगार’ एवढा एक शब्द लिहिला, गाल पानावर टेकवला आणि पुढचं आठवेपर्यंत डोळे मिटले.

मोठ्या बाई बोलत होत्या, “आता मात्र मी शेवटचं सांगते, सगळे...”

“शूऽऽ!” टेबलाखालून एक एक करून मुलं निघाली. बोटं ओठांवर. “हळू बोला ना! आई झोपलीय!”

बावीसच्या बावीस मुलं वर्गाच्या मधोमध उभी होती, आणि मोठ्यांना गप्प करत होती. दात पडलेल्यानं स्वतःचा रुमाल आणला आणि तिच्या पायावर पसरला. मग कुणी नॅपकिन आणला, कुणी स्वेटर, कुणी चित्रकलेचा एप्रन.

“पण ते दिवस?” ताईंनी न राहवून कुजबुजत विचारलं. “नव्वदच्या वर गेले होते ना?”

“कुणी झोपलं की पांघरूण घालायला यावंच लागतं,” मिरी म्हणाली. “ते मोजत नाहीत.”

तेवढ्यात वहीशेजारी फोन थरथरला. मोठ्या बाईंनी चपळाईनं वाकून तो उचलला. “हॅलो. नाही, त्या झोपल्यात. शाळेत. टेबलाखाली. आपण कोण? प्रकाशक का? अहो हळू बोला जरा, मुलं रागावतील. प्रकरणाचं मला काय ठाऊक?” त्यांनी फोन छातीशी धरून मिरीला विचारलं, “जादूगार आला का गं?”

“येतोय, म्हणावं.”

दीड वाजता तिला जाग आली तेव्हा वर्ग रिकामा होता, फक्त मिरी खडूंशी खेळत होती. अंगावर एक रुमाल, अठरा नॅपकिन, दोन स्वेटर आणि रंगानं माखलेला एक एप्रन होता. ती तिथंच, पालथी पडल्या पडल्या, लिहायला लागली. जादूच्या शाळेतल्या म्हाताऱ्या स्वयंपाकीणबाई टेबलाखाली वाटी शोधायला शिरतात. जादूगाराला एक अक्षर विचारत नाहीत. दमून तिथंच झोपतात, घोरतात, आणि त्यांना थंडी वाजते. जादूगार बराच वेळ बघत राहतो. मग तो आपला झगा काढतो, पण झगा लहान पडतो. पांघरूण तर वर, बाकावर असतं.

चार पानं झाली. पावणेचारला तिनं त्यांचे फोटो पाठवले. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘बाई, हेच पाहिजे होतं. पुस्तक याच वर्षी. झोपत जा.’

मिरी शेजारी मांडी घालून बसली होती. तिनं चारही पानं आईकडून वाचून घेतली, एकदाही मध्ये न बोलता. शेवटी जादूगार पांघरूण घेऊन आला, तेव्हा तिनं समाधानानं मान डोलावली.

“लिहिलंस म्हणजे आता खरं.”

“आता खरं,” आई म्हणाली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि नॅपकिनांच्या घड्या घालायला घेतल्या.

मिरी तिला एक एक नॅपकिन देत राहिली. मग सहावा की सातवा हातात धरूनच थांबली.

“आई, तो इतके दिवस टेबलाखाली होता, तेव्हा त्याची आई कुठं होती? ती पण लिहीत होती का?”